राजगड-तोरणा-रायगड: चार दिवसांची शिदोरी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात पाच जण, राजगड-तोरणा-रायगड, चार दिवस. मागच्या ट्रेकला नूडल्स, बिस्किटं आणि पाकिटातल्या सूपवर निभावलं. दुसऱ्या दिवशी पाय गळाले, तिसऱ्या दिवशी पोट साफ होईना. यंदा बाबाही येणार, त्यांना शुगर आहे. मग प्रोटीन बार आणि ती महागडी सुकवलेल्या जेवणाची पाकिटं मागवावीत का?

मागवू नका. पैसे वाचतील हे आहेच, पण तुमचं बिनसलं ते रात्रीच्या जेवणात नाही, दिवसा. बहुतेक ग्रुप असंच करतात. मुक्कामाला जंगी बेत, आणि चालताना बिस्किटांचा एक पुडा पाच जणांत फिरतो. मीही केलंय. राजगडाच्या संजीवनी माचीवरून आळू दरवाजाने उतरून तोरण्याकडे जाणाऱ्या डोंगरधारेला लागलो, पोटात चहा-बिस्किट, वाटेत नुसतं पाणी. तीन लिटर प्यायलो. तोरण्याच्या बुधला माचीच्या चढाला दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले आणि पाऊण तास तिथेच बसून काढला. सगळे म्हणत होते पाणी कमी पडलं. माझ्या मते कमी पडलं होतं खाणं आणि मीठ. घामातून मीठ जात राहतं आणि वरून नुसतं पाणी ओतलं की अंगात उरलेलं मीठ आणखी पातळ होतं.

तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे खिसा. प्रत्येकाच्या पँटच्या किंवा सॅकच्या कमरेच्या खिशात रोज २०० ग्रॅमची स्वतःची पिशवी हवी: निम्मे खारे शेंगदाणे, पाव भाग फुटाणे, उरलेल्यात खजूर, मनुका, गुळाचे खडे. दर पाऊण-एक तासाला मूठभर, भूक लागो न लागो. सॅक उघडून डबा काढावा लागला तर कोणी खात नाही. एवढ्या पिशवीतून ८५०-९०० कॅलरी आणि ३५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. तुमचे बार याच्यापुढे काय वेगळं देणार? चॉकलेटचा लेप, आणि तोही घाट उतरताना वितळतो.

दिवसाचा एकूण हिशोब माणशी साडेसहाशे ग्रॅम कोरडा शिधा, म्हणजे अडीच हजारांवर कॅलरी. पाच जणांचा चार दिवसांचा साधारण १३ किलो होतो, वाटून घेतला की माणशी अडीच-पावणेतीन. सॅकचं वजन कमी करायचं तर नुसता भात कमी करू नका, त्याच्या जागी तूप आणि दाणे वाढवा. स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, पिठाच्या किंवा साखरेच्या ग्रॅमला ४. घरचं साजूक तूप पाव किलो, घट्ट झाकणाच्या डब्यात. एवढं पुरतं.

दुपारचं जेवण शिजवूच नका. पहिल्या दोन दिवसांसाठी दुधात, तेल-गूळ घालून केलेल्या दशम्या. नीट भाजलेल्या, गार झाल्यावरच कापडात बांधलेल्या दशम्या डिसेंबरच्या हवेत दोन दिवस सहज राहतात. गरम असताना डब्यात भरल्या की दुसऱ्या दिवशी बुरशी, हे मी आईचं न ऐकता शिकलो. सोबत दाण्याची चटणी, लसणाची कोरडी चटणी, कांदा. काकडी आणि गाजरं पहिल्या दोन दिवसांत संपवा. जड असतात, पण मागच्या वेळी तुमचं पोट अडलं ते याच गोष्टी नसल्याने. मैदा, मैदा आणि मैदा, वर पाणी कमी. झोपताना चार-पाच भिजवलेले काळे मनुके आणि सकाळी गरम पाणी एवढ्यावर बहुतेकांचं काम होतं. नाही झालं तर इसबगोल ठेवा, पण त्यावर भरपूर पाणी प्या, नाहीतर उलटं होईल.

आता माझी आवडती युक्ती. निघायच्या आदल्या रात्री अर्धा किलो मटकी भिजत घाला, सकाळी उपसून ओल्या पंच्यात बांधा आणि सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा. राजगडाच्या पद्मावती माचीवर पोचेपर्यंत डोळे फुटलेले असतात, दुसऱ्या दिवशी तोरण्यावर मेंगाईच्या देवळापाशी छान लांब मोड. पंचा दिवसातून दोनदा ओला करायचा, आंबूस वास आला तर टाकून द्यायची. पातेल्यात कांदा, गोडा मसाला आणि ही मटकी. गडावर ताजी उसळ खाताना बाजूचा ग्रुप आपल्याकडे ज्या नजरेने बघतो, ते सुख वेगळंच.

रात्रीला तूरडाळ नेऊ नका. तोरणा १,४०३ मीटर उंच, राजगड त्याहून थोडाच कमी. तिथे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं आणि उघड्या पातेल्यात तूर गॅस संपेपर्यंत कडकडीत राहते. मूगडाळ किंवा मसूर न्या. माणशी १२० ग्रॅम तांदूळ, ५० ग्रॅम मूगडाळ, दोन्ही एकत्र तासभर आधी भिजवलेले, मुठीभर दाणे, वर दोन चमचे तूप. मुक्कामाला पोचल्या पोचल्या भिजत घालायचं, मग गड बघायला जायचं. एका रात्री पिठलं आणि तांदूळ, कारण बेसन पाच मिनिटांत शिजतं आणि त्यात प्रथिनंही बरी असतात. मेतकूट मात्र हवंच. दमल्यावर कोणाला काही गिळत नसेल तेव्हा गुरगुट्या भात, मेतकूट, तूप. हे नाही म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

सकाळी उपम्याचा रवा घरूनच फोडणीसकट भाजून न्या, गडावर फक्त उकळतं पाणी ओतायचं. पोहे चालतात. नूडल्सलाही मी शत्रू मानत नाही. एखाद्या थंड संध्याकाळी त्यातलं मीठ आणि गरम रस्सा बरं वाटतं. फक्त त्याला जेवण म्हणू नका. एका छोट्या पुड्यात प्रथिनं पाच-सात ग्रॅमच असतात.

पाणी. राजगडावर पद्मावती माचीवरची टाकी, तोरण्यावर मेंगाईजवळचं टाकं. मधल्या धारेवर भरवसा ठेवू नका. शनिवार-रविवारी वाटेत सरबतवाले बसतात, आडवारी नसतात. टाक्याचं पाणी गाळून उकळा किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. लोक गोळी टाकून लगेच पितात, मग गोळीला शिव्या घालतात. चालताना दोन बाटल्यांपैकी एकीत साधं पाणी, दुसरीत लिंबू-मीठ-साखर. कोणाला जुलाब झालेच तर प्रमाण पक्कं हवं: १ लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट लहान चमचे साखर, अर्धा लहान चमचा मीठ. अंदाजाने मूठभर मीठ नाही.

तिसऱ्या दिवशी तोरण्यावरून हारपुड, वरोती ही गावं करत मोहरी गावात मुक्कामाला जाल तेव्हा शिधा शिजवूच नका. गावात आधी फोन करून जेवण सांगा. बाजार दूर आहे, ऐनवेळी पाच ताटं मागणं बरोबर नाही. गरम भाकरी, पिठलं, ठेचा. मावशी वाढत राहतात, पण रात्री भरपेट खाल्लंत तरी सकाळचा ठेचा आवरा, कारण चौथ्या दिवशी सिंगापूर नाळ, म्हणजे कोकणात उतरणारी अरुंद, उभी घाटवाट, उतरायची आहे. खाली दापोलीत (रत्नागिरीतली नव्हे, ही नाळेच्या पायथ्याची) पोचलात की हवा बदलते. डिसेंबर असला तरी कोकणातलं दुपारचं ऊन दमट. त्या दिवशी घाम सर्वांत जास्त आणि भूक सर्वांत कमी. जड जेवण टाळून खिशातल्या पिशवीवर आणि सरबतावर रायगडाचा पायथा गाठा.

बाबांचं वेगळं. सलग चालण्याने साखर उतरते, त्यामुळे गोळ्या किंवा इन्सुलिनचं प्रमाण या चार दिवसांत काय ठेवायचं हे निघण्याआधी डॉक्टरांना विचाराच. स्वतःच्या मनाने बदलू नका. त्यांच्या पिशवीत खजूर-गूळ कमी, दाणे-फुटाणे जास्त. पण शर्टाच्या खिशात ग्लुकोजची पावडर कायम, आणि ती कुठे आहे हे पाचही जणांना ठाऊक हवं. हात थरथरले, दरदरून घाम आला, उगाच चिडचिड सुरू झाली तर चर्चा न करता आधी तीच द्यायची.

शिधा रात्री देवळात जमिनीवर ठेवू नका, उंदीर सॅकही कुरतडतात, दोरीने टांगा. मुक्कामाचे नियम बदलत असतात, तेही आधी विचारून घ्या. आणि सरबतासाठी कोकमाचं आगळ नेणार असाल तर (न्याच, त्यात मीठ मुळातच असतं) बाटलीच्या झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा लावून ती वेगळ्या पिशवीत बांधा. माझी एक सॅक सहा वर्षं झाली, अजून लाल आहे.