'डेट' की 'डेब्ट'?

प्रश्न असा आला आहे : गुंतवणुकीचे सल्लागार 'डेब्ट फंड' म्हणतात, इंग्रजी बातम्यांत मात्र 'डेट' ऐकू येते, यांतले बरोबर कोणते, आणि 'बी' उच्चारायचाच नसेल तर तो लिहायचा तरी कशाला?

कर्ज या अर्थाच्या शब्दाचा प्रमाण इंग्रजी उच्चार 'डेट' असाच आहे. तारखेच्या 'डेट'मधला स्वर लांब आणि कर्जाच्या 'डेट'मधला आखूड, हा फरक नेहमीच्या देवनागरीत दाखवता येत नाही आणि मराठी कानालाही तो चटकन जाणवत नाही. त्यामुळे घोटाळा टाळण्यासाठी कोणी 'डेब्ट' म्हणत असेल, तर मी त्याला हसणार नाही.

हा 'बी' बोलण्यातून गळालेला नसून लिहिण्यात मागाहून घुसवलेला आहे. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा तो 'बी'शिवायच लिहीत असत. पुढे, पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या सुमारास, लॅटिनचा दबदबा वाढल्यावर मूळ 'डेबिटुम' या शब्दाची आठवण राहावी म्हणून विद्वानांनी त्यात 'बी' बसवला आणि संशय या अर्थाच्या 'डाउट'लाही तोच प्रसाद मिळाला. लोकांची जीभ मात्र बदलली नाही. 'डेबिट' हा त्याच लॅटिन शब्दाचा वंशज, पण त्यातला 'बी' उच्चारात आहे. म्हणजे एकाच बँकेत 'डेबिट कार्ड'मधला 'बी' बोलायचा आणि 'डेट'मधला गिळायचा! शेक्सपिअरच्या 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट'मधला होलोफर्नीस हा पंतोजी तर 'बी' न उच्चारणाऱ्यांवर चिडतो, तेव्हा 'डेब्ट'वाल्यांना जुनी सोबत आहे.

या दुरुस्त्या सरसकटही झाल्या नाहीत. पावतीच्या 'रिसीट'मध्ये 'पी' घातला, पण त्याच लॅटिन धातूवरून आलेला, फसवणूक या अर्थाचा 'डिसीट' तसाच राहिला. 'आयलंड'मधला 'एस' तर चुकूनच आला : शब्द अस्सल इंग्रजी, पण 'आइल' या फ्रेंचवरून आलेल्या शब्दाशी त्याचे नाते आहे असे समजून त्याच्या अंगावर परका दागिना चढवला गेला.

सरदार या अर्थाच्या 'नाइट'मधला 'के' मात्र या पंगतीत बसवू नये. तो एके काळी खरोखरच उच्चारला जात असे. उच्चार गेला आणि अक्षर मागे राहिले. आपल्याकडचे त्याचे भावंड म्हणजे जुन्या पुस्तकांतले 'नांव' आणि 'गांव'. 'नाम' आणि 'ग्राम' यांतल्या 'म'चा अवशेष असलेला तो अनुस्वार प्रमाण मराठीच्या उच्चारातून गेल्यावरही लेखनात टिकून होता, आणि १९६२च्या लेखननियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. कोकणीत तो नाकातला स्वर अजून जिवंत आहे, म्हणून गोव्यात 'नांव' असेच लिहितात आणि तसेच बोलतात.