35 टक्के की 29? चीनच्या कारखानदारीचा आकडा आणि शिरोलीची फौंड्री

तुमचा प्रश्न असा: 2020 साली जगाच्या कारखानदारीत चीनचा वाटा एक लेख 35 टक्के सांगतो, दुसरा 29, खरं कुठलं धरायचं? आणि भारत जी-7 (सात श्रीमंत देशांचा गट), जी-20 (मोठ्या अर्थव्यवस्थांचा गट) यांच्याशेजारी ठेवायचा तर कुठला आकडा घ्यायचा?

दोन्ही आकडे खरे आहेत. कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचे, म्हणजे लोखंड वितळवून सुटे भाग ओतणाऱ्या कारखान्याचे हिशेब मी बरीच वर्षं बघतोय, म्हणून तिथलंच उदाहरण देतो.

समजा, 50 रुपयांचं पिग आयर्न (कच्चं लोखंड) फौंड्रीत आलं. त्याचं कास्टिंग, म्हणजे साच्यातला ओतीव भाग, ओतून 80 ला विकलं. गोकुळ शिरगावच्या मशीनशॉपनं त्यावर टर्निंग, ड्रिलिंग करून ते 110 ला ट्रॅक्टर कंपनीला दिलं. तिन्ही बिलांची बेरीज 240 होते, पण हातात असलेली वस्तू 110 चीच. लोखंड तीनदा मोजलं गेलं. त्याऐवजी प्रत्येकानं स्वतःची घातलेली भर धरली, म्हणजे 50, 30 आणि 30, तर बरोबर 110 येतात. बिलांची बेरीज म्हणजे एकूण उत्पादन, आणि भरीची बेरीज म्हणजे मूल्यवर्धन. चीनच्या कारखान्यांच्या बिलात विकत घेतलेल्या मालाचा हिस्सा मोठा असतो, म्हणून एकूण उत्पादनात त्यांचा वाटा 35 दिसतो आणि मूल्यवर्धनात 29. अर्थतज्ज्ञ रिचर्ड बाल्डविन यांनी 2024 च्या सुरुवातीला दाखवलं होतं की चीनचं उत्पादन त्याच्या मागच्या नऊ देशांच्या बेरजेपेक्षा जास्त आहे. ते गणित एकूण उत्पादनाचं. त्याच्याशेजारी भारताचा मूल्यवर्धनाचा, जेमतेम 3 टक्क्यांचा आकडा ठेवला, तर तुलना तिथंच बिघडते.

टनांत मोजलं की आणखी वेगळं चित्र. कास्टिंगच्या वजनात भारत जगात चीनच्या खालोखाल दुसरा, अमेरिकेच्याही पुढं. आमच्या भागात हे अभिमानानं सांगतात आणि सांगावंच. पण ट्रॅक्टरचं साधं हाउसिंग आणि विमानाच्या इंजिनाचा सुटा भाग तराजूत सारखेच दिसतात. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून देशांच्या तुलनेला टन कामाचे नाहीत.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. कोल्हापूरच्या उद्यमनगरात फिरा, एकेका गाळ्यात दोन-तीन लेथ आणि चार माणसं. आपल्याकडं उद्योगांची वार्षिक पाहणी वीज वापरणारा कारखाना दहा कामगारांपासून पुढं धरते. हे गाळे तिच्यात येतच नाहीत. त्यांचा अंदाज असंघटित उद्योगांच्या वेगळ्या पाहणीवरून बांधावा लागतो. जर्मनीतलं असं काम बहुतेक नोंदलेल्या कंपनीत होतं. उलट बाजूही आहे: फौंड्रीनं फेटलिंगसाठी (ओतीव भाग घासून साफ करायला) माणसं मजूर पुरवणाऱ्या कंपनीकडून घेतली, तर तीच माणसं, तेच काम, पण त्या कंपनीची कमाई सेवा क्षेत्रात नोंदली जाते. त्यामुळं एखाद्या देशाचा वाटा एक-दोन टक्क्यांनी हलला की लगेच 'कारखानदारी बुडाली' म्हणू नका.

डॉलरचंही तसंच. 2011 च्या मध्याला डॉलर 45 रुपयांच्या आसपास होता, ऑगस्ट 2013 मध्ये त्यानं 68 गाठले. शिरोलीतल्या भट्ट्या तेवढंच लोखंड ओतत असत्या, तरी डॉलरमध्ये आमचं उत्पादन एक तृतीयांशानं घटलेलं दिसलं असतं. म्हणून वाढ बघताना जागतिक बँकेची 2015 च्या स्थिर डॉलरमधली, म्हणजे सगळी वर्षं 2015 च्याच किमती आणि दरानं मोजणारी, मूल्यवर्धनाची मालिका घ्या. चालू डॉलर, म्हणजे त्या-त्या वर्षाच्या दरानं मोजलेला, फक्त एका वर्षाचा आकार बघायला.

गट निवडताना आधी भारत त्यात आहे का ते बघा. जी-7 मध्ये नाही, तिथं भारताच्या आकड्याला सातांच्या बेरजेनं सरळ भागा. जी-20 मध्ये भारत आहे, म्हणजे तो वजा करून उरलेल्यांशी तुलना करायची. शिवाय तिथं युरोपीय संघ स्वतंत्र सदस्य आहे, आणि जर्मनी, फ्रान्स, इटलीही आहेत. सगळे सदस्य सरसकट बेरजेत धरले तर हे तीन देश दोनदा मोजले जातात. आफ्रिकी संघ 2023 मध्ये आल्यापासून दक्षिण आफ्रिकेचंही तेच. माझी सूचना: जी-7 पासून सुरुवात करा, सातच देश आहेत, तक्ता हातानं तपासता येतो. अडलं तर इथंच खाली विचारा, मी बघेन.