उर्दूत शिकलेली मुलगी वकील होईल का?

ताई,

तुमचं पत्र मुलीच्या अक्षरात आहे, पण बोल तुमचे आहेत हे पहिल्या ओळीतच कळलं. तुमचे मिस्टर मालेगावात लूमवर कामाला आहेत. मुलगी उर्दू माध्यमातून बारावी आर्ट्स 58 टक्क्यांनी पास झाली आणि वकीलच होणार म्हणून हटून बसली आहे. तुम्ही लिहिता, ‘आमच्या मोहल्ल्यातली एकही मुलगी कोर्टाची पायरी चढलेली नाही. हिचं मराठी कच्चं, पैसा जेमतेम. बी.ए., बी.एड. करून शाळेत लागलेलं बरं नाही का?’

शिक्षिकेचं काम चांगलंच आहे. पण मुलीला ते करायचं नाही, म्हणून माझं उत्तर सरळ आहे: तिला वकील होऊ द्या. का म्हणते ते सांगते.

काही वर्षांपूर्वी नात्यातल्या एका वाटणीच्या दाव्यासाठी मी तालुक्याच्या कोर्टात बसले होते. शेजारी बुरख्यातली एक बाई, मांडीवर झोपलेलं पोर आणि हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत चार घड्या घातलेला निकाहनामा. तिच्या वकिलाला उर्दू वाचता येत नव्हतं. मेहर, म्हणजे नवऱ्यानं बायकोला द्यायची रक्कम, किती ठरली होती ते त्या कागदावर लिहिलेलं होतं, आणि वाचणारं कुणी सापडेना म्हणून ती या टेबलावरून त्या टेबलावर हिंडत होती. शेवटी चहा घेऊन आलेल्या पोरानं वाचून दाखवलं. स्वतःच्या लग्नाचा कागद तिनं चार परक्या पुरुषांच्या घोळक्यात उभं राहून ऐकला. मान खाली, पोर खांद्यावर. तुमचं पत्र वाचताना तीच डोळ्यांसमोर होती. तुमच्या मुलीची उर्दू तुम्ही उणीव म्हणून लिहिली आहे. त्या व्हरांड्यात तिच्याइतकी उपयोगाची दुसरी गोष्ट नव्हती.

तुमच्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे. कॉर्नेलिया सोराबजी 1866 साली नाशिकला जन्मल्या. वडील पारशी, पण ख्रिस्ती झालेले, त्यामुळे घर ना धड इकडचं ना तिकडचं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या पहिल्या आल्या, पण विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती बाई म्हणून नाकारली गेली. तरी ऑक्सफर्डला गेल्या आणि 1892 मध्ये कायद्याची परीक्षा दिली. पदवी मात्र ऑक्सफर्डनं 1920 मध्ये बायकांना पदव्या द्यायला सुरुवात केल्यानंतरच मिळाली. बायकांना वकिली करता येईल असा कायदा आपल्याकडे झाला 1923 साली. मधल्या काळात त्यांनी काय केलं? पडदानशीन बायकांची कामं. इस्टेट आहे, वाद आहेत, पण परक्या पुरुषाशी बोलायची सोय नाही, अशा बायकांकडे वकील पोचूच शकत नव्हता, त्या पोचल्या. 1904 पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे, म्हणजे अशा इस्टेटी सांभाळणाऱ्या सरकारी खात्याकडे, त्यांचं हेच काम होतं.

आणि ही गोष्ट मुलीच्या अब्बांना सांगा. केरळच्या फातिमा बीवींना खरं तर सायन्समध्ये पुढे जायचं होतं. वडील सब-रजिस्ट्रार. त्यांनी अ‍ॅना चंडी या केरळातल्याच सीरियन ख्रिस्ती समाजातल्या बाईंना न्यायाधीशाचं काम करताना पाहिलं होतं, आणि मुलीला कायदा शिकायला त्यांनीच भाग पाडलं. 1950 मध्ये फातिमा बीवींना वकिलीची सनद मिळाली. सुरुवात कोल्लमच्या खालच्या कोर्टात, मग मुन्सफ म्हणजे खालच्या कोर्टाच्या न्यायाधीश, मग जिल्हा न्यायाधीश, आणि 1989 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती. एका धर्माच्या बाईला बघून दुसऱ्या धर्माच्या बापानं आपल्या लेकीची वाट ठरवली. आपल्या मोहल्ल्यातलंच कुणीतरी आधी गेलेलं असावं, असं त्यांना वाटलं नाही.

आता मराठीचं. कच्चं आहे तर पक्कं करावंच लागेल, तिथे सूट नाही, कारण खालच्या कोर्टांचं काम मराठीत चालतं. पण मुलीला एवढं विचारा: वकील, दावा, फिर्याद, जामीन, हुकूम, दिवाणी, फौजदारी, हजर, तहकूब, दस्तऐवज, सनद. यातले किती शब्द नवीन वाटले? कोर्टाची निम्मी मराठी अरबी-फारसीतून आली आहे आणि तुमची मुलगी ती लहानपणापासून ऐकते आहे. लिपी आणि व्याकरण उरतं. रोज एक मराठी पेपर मोठ्यानं वाचायचा आणि एका बातमीचं पान स्वतःच्या शब्दांत लिहायचं. वर्षभरात फरक दिसतो, हे मी इतर मुलींमध्ये पाहिलं आहे.

बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या एलएल.बी.साठी राज्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, द्यायची. शाखा कोणतीही चालते आणि 58 टक्के पुरेसे आहेत. पेपर मराठीतूनही देता येतो, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तुमच्याकडे ओबीसीचा दाखला आहे असं लिहिलंय, तर उत्पन्नाचा आणि नॉन-क्रिमीलेयरचा दाखला लगेच काढा. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश सरकारी फेरीतून झाला, तर ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी 2024-25 पासून माफ आहे. प्रवेश घेण्याआधी त्या कॉलेजच्या ऑफिसात हे विचारून खात्री करा. राहण्या-जेवणाचा खर्च उरतोच.

एक गोष्ट लपवणार नाही. डिग्री आणि बार कौन्सिलची परीक्षा झाल्यावरची पहिली चार-पाच वर्षं कमाई फार थोडी असते. सीनियरच्या हाताखाली फायली उचलायच्या, तारखा घ्यायच्या. न्यायाधीश व्हायचं असेल तरी मे 2025 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर आधी तीन वर्षांची वकिली लागते. लग्नाची बोलणी नेमकी याच वर्षांत सुरू होतील. ते आत्ताच घरात बोलून घ्या, तिच्यासमोर.

कुठलीही स्त्री, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मागू शकते. असे वकील विधी सेवा प्राधिकरण ही सरकारी संस्था आपल्या यादीतून देते, आणि त्या यादीत बायकांच्या भाषेत बोलणारे वकील हवेच असतात.

शुक्रवारी लूम बंद असतात, कोर्ट चालू असतं. या शुक्रवारी नमाजाआधी बाप-लेकीनं कोर्टात जाऊन दोन तास नुसतं बसावं. काळ्या कोटातल्या बायका कुठे बसतात ते बघून त्यांच्यातल्या एकीशी बोलावं. आणि घरी आल्यावर आधार, शाळा सोडल्याचा दाखला आणि दहावी-बारावीच्या गुणपत्रिका एकत्र घेऊन मुलीचं नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगनं आहे का ते तपासा. उर्दूतलं नाव प्रत्येक क्लार्क वेगळं लिहितो, आणि प्रवेशाच्या दिवशी नेमकं तेच अडतं. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून आजच.