गोल हुकला तरी चालेल

मागच्या अंकात मी हॉकी आणि फुटबॉलचे सामने स्टँडमध्ये बसून बघण्याच्या आठवणी लिहिल्या होत्या. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. त्यातल्या एका पत्राने माझी चूक पकडली आहे, तेही लपवलेलं नाही.

पत्र पहिलं: ताई, तुमच्या लेखाच्या भरीला पडून पहिल्यांदाच बायको-मुलाला घेऊन फुटबॉलची मॅच बघायला गेलो. नव्वद मिनिटांत एकच गोल झाला आणि नेमका तेव्हा मी मुलाच्या बुटाची नाडी बांधत होतो. मान वर केली तर सगळे उभे! टीव्हीवर तोच गोल चार बाजूंनी दाखवतात. मग एवढी यातायात करायची कशाला?

तुमचं दुःख मला कळतं, कारण गोल हुकवण्यात माझा हात धरणारं कोणी नाही.

पहिला हुकला तो १९८२ साली. मुंबईत हॉकीचा विश्वचषक होता. मी चौदा वर्षांची, सोबत आमचे अण्णा. मॅच पाकिस्तानची होती. थोडा वेळ मला मनासारखं बघू दिलं आणि मग अण्णा म्हणाले, "आता पाच मिनिटं फक्त हसन सरदार बघायचा. चेंडू कुठेही जाऊ दे, तू त्याच्यावरून नजर काढायची नाहीस."

मला हा शुद्ध जुलूम वाटला. चेंडू पार तिकडे, लोक तिकडे बघून ओरडतायत आणि मी बघतेय एका चालणाऱ्या माणसाला. हो, चालणाऱ्या. तो धावतच नव्हता. स्टिक एका हातात लोंबत होती आणि मान मात्र सारखी डावीकडे, उजवीकडे. तेव्हा हॉकीत ऑफसाइडचा नियम होता, त्यामुळे हसन सरदारसारख्या सेंटर फॉरवर्डला, म्हणजे मधल्या आघाडीच्या खेळाडूला, पुढे जाऊन उभं राहायची सोय नव्हती. तो बॅकच्या, म्हणजे समोरच्या बचावपटूच्या, खांद्याला खांदा लावून सरकत होता. चार पावलं पुढे, तीन मागे. बॅक त्याच्याकडे बघायचा, मग चेंडूकडे, मग परत त्याच्याकडे. आणि एकदा बॅकने चेंडूकडे जरा जास्त वेळ बघितलं. तेवढ्यात हा तिथे नव्हताच! चालणारा माणूस एकदम दहा पावलं पलीकडे. पास काही त्याच्याकडे आला नाही, दुसऱ्याच बाजूने चाल झाली आणि गोल पडला. सगळे उठले. मी अण्णांवर चिडले, "गोल हुकला ना माझा!" अण्णा टाळ्या वाजवत म्हणाले, "गोल उद्या पेपरात येईल. हे येणार नाही."

पाकिस्तानने तो विश्वचषक जिंकला, अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीला ३-१ हरवून. पेपरात आलं सगळं. बॅकची ती मान मात्र नाही आली.

आता टीव्हीची बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल बाई एकांगी बोलते. २०१८च्या डिसेंबरात भुवनेश्वरला कलिंग स्टेडियममध्ये मी बेल्जियम-नेदरलँड्स फायनलला होते. साठ मिनिटं ०-०. मग शूटआउट. हॉकीत शूटआउट म्हणजे तेवीस मीटरच्या रेषेवरून खेळाडू चेंडू घेऊन निघतो, समोर एकटा गोलकीपर आणि हातात फक्त आठ सेकंद. बेल्जियमच्या आर्थर डी स्लोव्हरने पाचव्या प्रयत्नात गोल केला आणि त्यांचे खेळाडू पळत सुटले. विश्वविजेते! आम्हीही उभे राहून ओरडत होतो. मी तर शेजारच्या अनोळखी बाईंना मिठी मारली. तेवढ्यात व्हिडिओ बघून पंच म्हणाले, चेंडू पायाला लागला, गोल रद्द. चेंडू पायाला लागलेला मला दिसला नव्हता, त्या बाईंनाही दिसला नव्हता. कॅमेऱ्याला दिसला. तेव्हा टीव्ही जास्त बघतो, हे कबूल.

पण पुढचं ऐका. मिठी मारून झालेली होती. ती मागे कशी घ्यायची? दोघी अवघडून खाली बसलो. मग सडन डेथ, म्हणजे एकाने गोल केला आणि दुसऱ्याचा हुकला की निकाल. बेल्जियमच्या फान ऑबेलने गोल केला, नेदरलँड्सच्या हर्ट्झबर्गरला जमला नाही, आणि बेल्जियम पहिल्यांदाच विश्वविजेता झाला. या खेपेला आम्ही दोघी बसूनच राहिलो. पंचांचा हात कुठे जातो ते आधी बघितलं, मग एकमेकींकडे.

नाडी बांधली हे उत्तम केलंत. मुलगा पडला असता तर उरलेली मॅचही हुकली असती.

पत्र दुसरं: तुम्ही लिहिलंत की ४ जून २०१८ ला मुंबईत केनियाविरुद्धच्या फुटबॉल मॅचमध्ये भारताच्या सुनील छेत्रीने "भर पावसात पहिल्या हाफमध्येच" दोन गोल केले. मी तिथे होतो. पहिल्या हाफमध्ये एकही गोल झाला नव्हता. आठवणी लिहिताना निदान स्कोअर तपासत जा.

चूक माझी. कान पकडले.

छेत्रीचा पहिला गोल ६८व्या मिनिटाला, पेनल्टीवर. दुसरा थेट भरपाईच्या वेळेत. मधला ७१व्या मिनिटाचा गोल भारताच्याच जेजे लालपेखलुआचा. भारत ३, केनिया ०. तुमचं पत्र आल्यावर सगळं पडताळून बघितलं, आणि माझ्या डोक्यात घोळ कुठे झाला तेही सापडलं. पहिल्या हाफमध्ये पाऊस असा कोसळत होता की मैदानात चेंडू ढकलला तर चार फुटांवर थबकायचा. खेळाडू पास देऊन पुढे धावायचे आणि चेंडू मागे पाण्यात बसलेला. माझ्या आठवणीत पाऊस म्हणजेच ती मॅच, म्हणून गोलही मी पावसात नेऊन ठेवले.

त्याच मॅचमध्ये जेजेचा गोल मी बघितला नाही हे मागच्या वेळी लिहायचं टाळलं होतं. आता लाज गेलीच आहे तर सांगते. पेनल्टीच्या वेळी उड्या मारल्या, चष्म्यावर पाण्याचे ओघळ. बसले, ओढणीचं एक कोरडं टोक शोधलं, चष्मा पुसायला घेतला. एक काच पुसून झाली, दुसरीवर बोट ठेवलं आणि कानाशी स्फोट झाल्यासारखा आवाज! चष्म्याशिवाय मला निळे-पांढरे ठिपके एका कोपऱ्याकडे धावताना दिसले. जेजेचा गोल मला एवढाच ठाऊक आहे.

आधीच्या चायनीज तैपेईविरुद्धच्या (म्हणजे तैवानच्या) मॅचला अवघे २,५६९ प्रेक्षक आले होते. भारत ५-० जिंकला होता, छेत्रीची हॅटट्रिक होती, तरी. मग छेत्रीने व्हिडिओ टाकला, टीका करायला या, शिव्या द्यायला या, पण स्टेडियममध्ये या, अशी जवळजवळ हात जोडून विनवणी केली. केनियाविरुद्धची त्याची शंभरावी मॅच. तिकिटं संपली. त्या २,५६९मध्ये मी नव्हते. व्हिडिओ बघून गेलेल्यांपैकी मी एक, हेही सांगून टाकते.

पत्र तिसरं: मी सातवीत आहे आणि शाळेच्या टीममध्ये हॉकी खेळते. पप्पा मला पहिल्यांदाच मोठी मॅच बघायला नेणार आहेत. पेनल्टी कॉर्नर नीट बघायचा तर कुठे बसू? आणि मॅचआधी टर्फवर पाणी का मारतात?

पाण्याचं आधी. ओल्या टर्फवर चेंडू सरळ आणि जोरात पळतो. शिवाय खेळाडू घसरून पडले तर अंग कमी खरचटतं. पहिल्या रांगेत बसलीस तर तुझ्यावरही तुषार येतील, तयारीत राहा.

आता कॉर्नर. गोलच्या अगदी मागे बसू नकोस, जाळीतून काही धड दिसत नाही. मैदानाच्या लांब बाजूला, तेवीस मीटरच्या रेषेच्या आसपास आणि जमेल तेवढं वर बस. वरून 'डी', म्हणजे गोलसमोरचं अर्धवर्तुळ, पूर्ण दिसते.

तुला नियम माहीतच असतील. बचावाचे पाच जण गोललाइनच्या मागे, त्यात गोलकीपर, बाकीचे पार सेंटर लाइनच्या पलीकडे. चेंडू आत सरकवला की गोलवर मारण्याआधी तो एकदा 'डी'बाहेर जायला हवा. सरळ हिट मारली तर पहिला फटका गोलच्या आतल्या खालच्या फळीपेक्षा वर जाता कामा नये. ड्रॅग फ्लिकला, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत नेऊन भिरकावण्याला, ते बंधन नाही, म्हणून तर तिला एवढा भाव. सगळे लोक फ्लिक मारणाऱ्याकडे बघतात. तू पहिला कॉर्नर तसाच बघ, हौस फिटू दे. दुसऱ्या वेळी मात्र बचावातून जो सगळ्यात आधी धावत सुटतो त्याला बघ. तोंडाला मास्क लावून तो सरळ फ्लिकच्या रेषेत पळतो, स्टिक जमिनीला टेकवून. मी कितीही वेळा बघितलं तरी त्याच्यासाठी माझे पाय आखडतात. चेंडू त्याला लागला तर गोल वाचतो, आणि लागला तर लागतोही.

आणि कान उघडे ठेव. गोलच्या आत खाली जी फळी असते तिच्यावर चेंडू आदळला की "ठप्प" असा आवाज येतो. कोरडा, जड, कपाटाचं दार आपटल्यासारखा. भुवनेश्वरला संध्याकाळी पाचची मॅच दोन परदेशी संघांची असली की स्टँड थोडं शांत असायचं. तेव्हा तो आवाज वरपर्यंत यायचा, आणि गोल झाला हे डोळ्यांआधी कानाला कळायचं. उलट २०१०च्या विश्वचषकात दिल्लीला भारत-पाकिस्तान मॅचमध्ये भारताच्या संदीप सिंगने कॉर्नरवर दोन गोल केले, भारत ४-१ जिंकला, पण फळी काही ऐकू आली नाही. शेजारी बसलेला माणूस माझ्या कानात काय ओरडत होता तेही ऐकू आलं नाही.

मॅच झाली की मला लिही, तुझ्या बाजूने "ठप्प" ऐकू आलं का.

पत्र चौथं: हॉकीचं पब्लिक भारी की फुटबॉलचं?

भांडण लावताय! फुटबॉलचं. गोल इतके कमी होतात की लोक अर्धा तास श्वास साठवतात आणि मग सोडतात. हॉकीत श्वास साठवायला वेळच मिळत नाही. त्यातून २०१४पासून मोठ्या सामन्यांत पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन हाफ जाऊन पंधरा-पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर आले. खेळ वेगवान झाला, मान्य. पण स्टँड तापायला लागतं तोच शिट्टी होते आणि कर्णे वाजायला लागतात. मला नाही आवडत.

पब्लिक बघायचं तर कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमला जायला हवं होतं, १३ जुलै १९९७ ला. फेडरेशन कपची सेमीफायनल, ईस्ट बंगाल आणि मोहन बागान, आत १,३१,७८१ माणसं. भाईचुंग भुतियाची हॅटट्रिक, ईस्ट बंगाल ४-१. मी नव्हते तिथे. त्या दिवशी मी एका लग्नात होते आणि त्या जोडप्याला मी अजून माफ केलेलं नाही.

आमचे अण्णा मात्र मुंबईच्या कूपरेज मैदानावर फुटबॉलच्या रोव्हर्स कपच्या मॅचेस बघून वाढले. हैदराबाद सिटी पोलिसने १९५० ते १९५४ सलग पाच वेळा तो कप जिंकला, त्यातल्या काही मॅचेस त्यांनी बघितल्या होत्या. त्यांच्या मते खरं पब्लिक तेच. हॉकीच्या स्टँडमध्ये बसूनही ते हेच म्हणायचे.

पत्र पाचवं: आमच्याकडे दर वेळी वाद होतो. मॅच संपायच्या दहा मिनिटं आधी उठावं म्हणजे गर्दी लागत नाही, असं घरचे म्हणतात. तुमचं मत?

माझा भाचाही याच मताचा होता.

२०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात झाला. ९ ऑक्टोबरला दिल्लीत नेहरू स्टेडियमवर भारत-कोलंबिया. कोलंबिया १-० ने पुढे. ८०व्या मिनिटाला भाचा उठला, म्हणाला, "मावशी, मी मेट्रोची गर्दी चुकवतो, तू ये मागून." मी म्हटलं, जा बाबा.

तो गेटबाहेर पडतो न पडतो तोच, ८२व्या मिनिटाला कॉर्नर आला, जिक्सन सिंगने डोकं लावलं आणि गोल. फिफाच्या कुठल्याही विश्वचषकात भारताचा पहिलाच! आम्ही काय केलं ते विचारू नका. माझी चप्पल दोन रांगा खाली सापडली. आणि आम्ही अजून नाचतच होतो तेव्हा, पुढच्याच मिनिटाला, कोलंबियाने दुसरा गोल केला. स्टेडियममध्ये एकदम सन्नाटा.

भाच्याने बाहेरून गर्जना ऐकली. ती कशाची हे कळायला अक्कल लागत नाही. त्यामागचा सन्नाटा काही ऐकू जात नाही. फोनची बॅटरी संपलेली. बरोबरी झाली या आनंदात तो मेट्रोत बसला, डब्यातल्या चौघांना त्याने भारताने १-१ केल्याची बातमी दिली आणि एकाने त्याला बसायला जागाही दिली.