शब्द दुसऱ्यांदा भेटला की मगच वहीत घे

काय गं,

तुझ्या वहीचा फोटो मिळाला. अक्षर छान आहे, तीन रंगांचे पेन पण वापरलेस, पण शब्द बघितले आणि मला हसूच आलं. अबॅन्डन, अबेट, अबहॉर, अबॉलिश... चाळीस शब्द आणि चाळीसच्या चाळीस ए चे! आमच्या वेळी पण हेच होतं बघ, प्रत्येकाच्या वहीत ए एकदम पाठ, बी निम्मा आणि सी ला वही कपाटात. रोज चाळीस पाठ करते तरी इंग्रजी पेपरचा एक परिच्छेद वाचताना अडते, असं का, हा तुझा प्रश्न. आता तूच बघ, अबेट म्हणजे कमी होणे हे तुला पाठ आहे, पण परवाच्या बातमीत 'रेन्स कंटिन्यू अनअबेटेड' आलं तर तुला ते ओळखता आलं नाही. शब्द तोच होता, फक्त पावसात भिजून आला होता.

माझी फजिती सांगतो, कुणाला सांगू नकोस. 2005 च्या पुरात आमच्या बँकेच्या शाखेत पाणी शिरलं आणि वरच्या ऑफिसला इंग्रजीत पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी नुकताच प्लेथोरा म्हणजे 'भरपूर' असा शब्द यादीतून पाठ केलेला, कुठं वापरू आणि कुठं नको असं झालेलं, म्हणून लिहून टाकलं की शाखेत 'अ प्लेथोरा ऑफ वॉटर' आहे. साहेबांनी ते सगळ्या स्टाफसमोर मोठ्यानं वाचलं, पुढं वर्षभर चहावाला पोरगा पण मला प्लेथोरा म्हणायचा. अर्थ चुकला नव्हता गं, पण पाण्याला तो शब्द कुणी लावत नाही. आपण 'मुसळधार भूक लागली' म्हणतो का, तसंच ते.

तेव्हापासून मी यादी सोडली आणि पूर धरला. म्हणजे काय ते सांगतो. पुराची बातमी तुला मराठीत तोंडपाठ आहे, तू शिरोळ तालुक्यातली, तुला काय सांगायचं. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी 39 फूट झाली की इशारा, 43 झाली की धोका, हे आपल्याकडं शाळेतलं पोरगं सांगतं. मग आधी मराठी पेपर वाच आणि लगेच तीच बातमी इंग्रजीत वाच. धरणातला विसर्ग म्हणजे डिस्चार्ज, आवक म्हणजे इनफ्लो, पाणीसाठा म्हणजे स्टोरेज, धोक्याची पातळी म्हणजे डेंजर मार्क, पात्राबाहेर पडणं म्हणजे ओव्हरफ्लोइंग इट्स बँक्स (आपली बँक नव्हे, नदीचा काठ). क्युसेक हा तर आपल्या बायाबापड्यांच्या तोंडी असलेला शब्द, पण तो क्युबिक फीट पर सेकंद जोडून झालाय हे किती जणांना माहीत असतं, सेकंदाला एक घनफूट म्हणजे 28 लिटरच्या थोडं वर पाणी. बातमीत काय घडलंय ते आधीच माहीत असलं की डोकं फक्त शब्दावर राहतं, डिक्शनरी निम्म्या वेळा उघडावीच लागत नाही.

आणि जवळून बघितलेलं असलं की बारीक फरक पण कळतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि ट्रकांच्या रांगा लागल्या, ते ट्रक 'स्ट्रँडेड' होते, म्हणजे वाटेत अडकून पडलेले. चिखली, आंबेवाडीला चारी बाजूंनी पाणी, ती गावं 'मरून्ड'. शेतं 'इननडेटेड' नाहीतर 'सबमर्ज्ड', म्हणजे पाण्याखाली. माणसांना 'इव्हॅक्युएट' केलं, म्हणजे सुरक्षित जागी हलवलं, आणि मग पाणी 'रिसीड' झालं, आपण ओसरलं म्हणतो ते. डिक्शनरीत स्ट्रँडेड आणि मरून्ड दोन्हीपुढं 'अडकलेले' असंच सापडेल तुला, पण ज्यानं तो पूर बघितलाय तो आता त्यांची अदलाबदल करणार नाही. (हेच रिसीड तुझ्या काकांच्या केसांना पण लावतात, रिसीडिंग हेअरलाइन. काकू रोज वापरते.)

आता माझा एक नियम, पटला तर घे. शब्द पहिल्यांदा दिसला तर वहीत घ्यायचा नाही. नुसतं खाली पेन्सिलनं टिंब दे, अंदाजानं पुढं वाच. तोच शब्द आठ-दहा दिवसांत परत दिसला तरच त्याला वहीत जागा द्यायची, कारण परत आला म्हणजे तो कामाचा आहे, आणि जो आलाच नाही त्याच्यावर वेळ घालवून तरी काय करणार. असं केलं की दिवसाला चार-पाचच शब्द होतात आणि तुला वाटेल बाकीच्या पोरी चाळीस करतात आणि मी चारच, वाटू दे. पण लिहिताना एकटा शब्द लिहू नकोस, तो ज्यांच्यासोबत आला ती दोन-तीन माणसं पण घे. 'रीक' असं लिहून उपयोग नाही, 'रीक हॅवॉक' (धुमाकूळ घालणं) लिही, तो हॅवॉक सोडून फारसा कुठं जात नाही. 'ब्रेस फॉर हेवी रेन' मधला फॉर सोडू नकोस. तुझ्या बँकेच्या परीक्षेत क्लोझ टेस्ट (परिच्छेदातल्या गाळलेल्या जागा भरायच्या) असते ना, त्यात हेच तर विचारतात, शेजारी कोण बसतो.

दुसऱ्या भेटीची खरी मजा 'स्पेट' शब्दात आहे. पंचगंगा 'इन स्पेट' म्हणजे दुथडी भरून वाहतेय. मग एक दिवस क्राइमच्या पानावर 'अ स्पेट ऑफ बर्गलरीज' दिसेल, लागोपाठ घरफोड्या. नदी माहीत असली की हा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. तसंच 'इननडेटेड विथ कॉल्स', म्हणजे फोनचा नुसता पूर.

कांद्याचं पण असंच करता येतं. 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली, 2024 च्या मे मध्ये उठली, तेव्हाच्या बातम्या नेटवर काढून वाच, अरायव्हल्स, ग्लट, कर्ब्ज, लेव्ही, बफर स्टॉक सगळं एका जागी सापडेल. ग्लट म्हणजे माल एवढा आला की भाव पडला, हे लासलगावच्या शेतकऱ्याला एका शब्दात कळेल.

हेडलाइनपासून मात्र जरा सांभाळून. ती भाषा जागा वाचवायला केलेली असते, नॉड म्हणजे मंजुरी, मल म्हणजे विचार चाललाय, प्रोब म्हणजे चौकशी, आणि 'रो' असं वाचशील तो वादाच्या अर्थानं 'राव' असा उच्चारतात, काव (गाय) सारखा. झालेली गोष्ट पण वर्तमानकाळात लिहितात आणि होणारी नुसत्या 'टू' वर भागवतात, 'सीएम टू व्हिजिट कोल्हापूर', म्हणजे अजून यायचेत. हे ओळखता आलं पाहिजे, पण उद्या इंटरव्ह्यूत 'आय ॲम मलिंग' म्हणून बसू नकोस. आणि ओळखीचा शब्द दिसला की गाफील राहायचं नाही. आमच्याकडं लोन 'सँक्शन' झालं की पेढे वाटतात, आणि पेपरात रशियावर 'सँक्शन्स' म्हणजे निर्बंध, बरोबर उलटं. मी नवीन असताना वाटायचं, एवढी कर्जं देतायत कशाला त्यांना.

उच्चारासाठी आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या ऐकत जा, तोच पेपर समोर ठेवून. डेब्री या शब्दाला मी कित्येक वर्षं डेब्रिस म्हणत होतो, दरड कोसळली की टीव्हीवर डेब्री म्हणायचे आणि मला वाटायचं हा वेगळाच काहीतरी शब्द आहे. नुसतं वाचून शिकलं की हे होतं.

तीन रंगांचे पेन राहू देत, त्यावर माझं काही म्हणणं नाही. फक्त ए ची यादी बाजूला ठेव आणि रविवारी फोन करशील तेव्हा एक बातमी मोठ्यानं वाचून दाखव, आवाज बारीक करून नको. मेसचं जेवण कसं आहे ते काकूला आधी सांग, नाहीतर ती मला वाचूच द्यायची नाही.

इकडं काल रात्रभर पाऊस होता. सकाळी बंधाऱ्याला 31 फूट होतं, दुपारी 30 झालं. रिसीडिंग.

— काका