फी भरण्याआधी मेडिकल

भाऊ, पायलट व्हायला शिरपूरला किंवा धुळ्याला फ्लाइंगच्या कोर्सची चौकशी करतोयस ते ठीक, पण आधी मेडिकल, मग फी. उलट करणारेच अडकतात.

सुरुवात डीजीसीएच्या (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं) पॅनेलवरील डॉक्टरकडे क्लास २ या पहिल्या पायरीच्या मेडिकलने. कमर्शियल लायसन्सला पुढे जास्त कडक असा क्लास १ लागतोच, म्हणून पैसे गुंतवण्याआधी तोही करून घे.

चष्म्याची भीती सोड. चष्म्यासह दूरचं ६/६ दिसलं तर बहुतेकांचं काम होतं. घाईने लेसिक (चष्मा घालवायचं लेझर ऑपरेशन) करून बसू नकोस. खरी अडचण रंगांची. इशिहाराच्या ठिपक्यांच्या पाट्या आजच नेत्रतज्ज्ञाकडे वाचून ये. रंगांधळेपणा बहुतेकदा जन्मजात असतो, व्यायामाने किंवा औषधाने जात नाही. (पाट्या पाठ करणारेही भेटतात. वेडेपणा.)

नंदुरबार, सातपुडा पट्ट्यातला असशील तर सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्तचाचणी आधीच करून ठेव. वाहक असणं आणि आजार असणं यात मोठा फरक आहे; रिपोर्ट हातात असला की डॉक्टरांशी नेमकं बोलता येतं.

नेहमीच्या चुका:
- आदल्या रात्री लग्नातल्या डीजेपुढे नाचणं. ऑडिओमेट्रीत, म्हणजे कानांच्या तपासणीत, ऐकणं कमी भरतं.
- जागरण आणि चहावर चहा. बीपी वर जातं.
- मे महिन्यात ४४ अंशांत पाणी न पिता प्रवास. लघवीचा रिपोर्ट बिघडू शकतो.
- जुना दमा, फिट येणं किंवा ऑपरेशन लपवणं. फॉर्मवर सही तुझी असते. जुने कागद सोबत ने.

उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर पाणी चालतं का, ते वेळ घेतानाच विचार.