एक भर, एक सोड, चार भर

प्रिय मुली,

शनिवारी परत येताना गाडीत तू विचारलंस, "काका, वेळ कसा कमी करायचा?" मी म्हणालो, सवडीने लिहून कळवतो. दोन वाक्यांत उरकावं असं ते उत्तर नव्हतं. दिवसभर तू काउबॉय ॲक्शन शूटिंगचा, म्हणजे अमेरिकेच्या जुन्या पश्चिमेतल्या हत्यारांनी वेळ लावून नेमबाजी करण्याचा, सामना दोरीपलीकडून बघत होतीस. दोन रिव्हॉल्व्हरच्या मिळून दहा गोळ्या, रायफलच्या दहा, शॉटगनची चार काडतुसं, आणि त्या पठ्ठ्याने सगळं वीस सेकंदांच्या आत संपवलं. असं पाहिल्यावर नजर टायमरवर खिळणारच. मला मात्र ती आधी लोडिंग टेबलाकडे, म्हणजे हत्यारं भरायच्या टेबलाकडे, न्यायची आहे.

रिव्हॉल्व्हरला सहा घरं असतात, पण आपण पाचच भरतो. पहिल्या घरात काडतूस, दुसरं रिकामं, मग ओळीने चार. नंतर घोडा पूर्ण मागे ओढायचा आणि अंगठ्याने धरून हळूच खाली सोडायचा. तो नेमका रिकाम्या घरावर येऊन बसतो. 'एक भर, एक सोड, चार भर' हे मी आजही मनात म्हणतो. मूळ कोल्ट रिव्हॉल्व्हर १८७३ सालचं. त्याच्या घोड्याचं टोक सरळ काडतुसाच्या टोपीवर टेकतं, त्यामुळे भरलेल्या घरावर घोडा असताना पिस्तूल आपटलं तर बार उडू शकतो. आजच्या काही प्रतिकृतींमध्ये यावर उपाय केलेला आहे, तरी नियम सगळ्यांना सारखाच. विंचेस्टरची प्रसिद्ध रायफलही त्याच सालची. ज्या वर्षी जोतीरावांनी पुण्यात सत्यशोधक समाज काढला, त्याच वर्षी इकडे अमेरिकेत ही हत्यारं बाजारात येत होती, आणि गुलामीतून नुकतेच सुटलेले कितीतरी काळे तरुण टेक्सासात गुरांमागे घोडे फेकत होते. सिनेमातला काउबॉय बहुतेक गोरा दिसतो. खरा तसा नव्हता, हे ध्यानात असू दे.

टेबलावर असताना कुणाशी बोलायचं नाही. भरून झालं की शेजारच्याला दाखवायचं. तो मान हलवेल तेव्हाच पुढे.

आता माझी गोष्ट सांगतो. तिसऱ्या वर्षी एका छोट्या क्लबच्या सामन्यात माझा हात चांगला बसला होता. उन्हाळा होता, तळवे घामेजलेले. दुसरं रिव्हॉल्व्हर रिकामं करून होल्स्टरमध्ये टाकलं आणि रायफलकडे वळलो, पण ते तळापर्यंत बसलंच नव्हतं. दोन पावलांवर मातीत पडलं. मी झटकन वाकलो, तोच टायमरवाल्याने खांदा घट्ट धरला. "हात लावू नको." पडलेलं हत्यार नेमबाजाने कधीच उचलायचं नसतं. पडताना जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं; घाबरून झडप घालताना बोट चापावर जातं. त्याने स्वतः उचललं, तपासलं आणि माझ्या हातात दिलं. रिकामं होतं म्हणून फक्त तो स्टेज, म्हणजे सामन्यातली ती फेरी, बाद झाला. भरलेलं असतं तर सगळा सामना गेला असता. मी वाचवलं होतं अर्धं सेकंद. त्या रात्री घरी आल्यावर रिकामं रिव्हॉल्व्हर शंभर वेळा होल्स्टरमध्ये ठेवलं, प्रत्येक वेळी तळाला टेकल्याचं बोटांना कळेपर्यंत. तुला पहिला सराव सांगायचा तर हाच. डमी काडतुसं वापर, आणि खरी काडतुसं त्या खोलीत तर नाहीतच, शेजारच्या खोलीतही नकोत.

नळीची दिशाही तशीच अंगात मुरायला हवी. समोरच्या बाजूला एकशे सत्तर अंशांच्या आतच ती राहिली पाहिजे, म्हणजे डावी-उजवीकडे पंच्याऐंशी-पंच्याऐंशी. एका जागेवरून दुसरीकडे धावताना हे पहिल्यांदा सुटतं. म्हणून पहिलं वर्षभर धावू नकोस, चाल.

वेळेचं गणितही याच बाजूचं आहे. एक नेम हुकला की पाच सेकंद वाढतात. लक्ष्यांचा सांगितलेला क्रम चुकला की दहा. चौतीस सेकंदांत संपवून दोन हुकलेली पोर चव्वेचाळीसवर जाते. चाळिसात सगळं टिपणारी तिच्या पुढे. लक्ष्यं जवळ असतात, मोठी असतात, लोखंडी असतात. त्यामुळे सावकाश गेलं तर हुकण्याचं कारणच उरत नाही. 'टण्ण' ऐकू आलं की पुढचं. वेग आपोआप येतो, आणि आलेला कळतही नाही.

लोखंड जवळ आहे म्हणूनच गोळी निव्वळ शिशाची आणि मंद असावी लागते. रिव्हॉल्व्हरला सेकंदाला हजार फूट, रायफलला चौदाशे फूट ही कमाल मर्यादा. त्यातही बरेच जण अगदी हलका बार वापरतात. त्याचा एक धोका मात्र ओळखून ठेव. एखाद्या काडतुसात दारू पडलेलीच नसते, तेव्हा नुसता 'फुस्स' आवाज येतो आणि गोळी नळीत अडकते. त्या क्षणी थांबायचं, काय वाट्टेल ते झालं तरी. पुढची गोळी सोडलीस तर नळी फुटू शकते. आणि घरी पोचल्यावर जेवायच्या आधी हात साबणाने स्वच्छ धू, शिसं बोटांना चिकटलेलं असतं.

कायद्याचं थोडं स्पष्ट बोलतो, कारण आपल्या मुलांना हे कुणी सांगत नाही. तुझं ग्रीन कार्ड गेल्या महिन्यात आलं म्हणूनच मी तुला शनिवारी बोलावलं. विद्यार्थी व्हिसावर किंवा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना इथला केंद्रीय कायदा बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई करतो. काही अपवाद आहेत, शिकारीचा वैध परवाना हा त्यातला एक, पण ते वकिलाला विचारूनच. 'रेंजवर दोन मिनिटं हातात धरली' हेही अंगाशी येऊ शकतं. काडतुसाची रिकामी पितळी पुंगळीही कायद्याच्या व्याख्येत काडतुसातच मोडते. तुझी रूममेट अजून विद्यार्थी व्हिसावर आहे, म्हणून तुझ्या घरात सध्या काहीही आणू नकोस. माझ्या तिजोरीत जागा आहे.

खरेदी तर मुळीच नको. दोन रिव्हॉल्व्हर, रायफल, शॉटगन, वर पट्टा आणि होल्स्टर, म्हणजे चांगलाच खर्च. लोक आधी सगळं घेतात आणि सहा महिन्यांनी निम्म्या भावात विकतात. या खेळातली माणसं हत्यारं उसनी द्यायला एका पायावर तयार असतात. तू फक्त चांगला चष्मा आणि कानांवरचे मफ घे.

आणि बाकीच्यांच्या पाळीला काम कर. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कॅलिफोर्नियात काही मंडळींनी हा खेळ सुरू केला, १९८७ साली त्याची संस्था झाली, पण तो अजूनही माणसांच्या श्रमावरच चालतो. तीन जण नेम मोजायला उभे राहतात, दोघांचं एकमत झालं की हुकलं म्हणायचं, आणि शंका असली तर माप नेमबाजाच्या पदरात. तिथे उभी राहिलीस तर दहा सामने खेळून कळणार नाही इतकं एका दिवसात कळेल. कोण कुठे श्वास रोखतं, कोणाचा अंगठा घोड्यावरून घसरतो, सगळं दिसतं.

या खेळात वापरायच्या टोपणनावाचा विचार कर. ते जुन्या पश्चिमेच्या ढंगाचं आणि आधी कुणी न घेतलेलं हवं. 'कोल्हापूर किड' मला आवडलं होतं, पण तुझं तू ठरव. एका गृहस्थाशेजारी मी नऊ वर्षं उभा राहिलो. त्याचं खरं नाव मला कळलं ते तो इस्पितळात असताना, खोलीच्या दारावरची पाटी वाचून. आधी मी दोनदा त्याच दारावरून पुढे गेलो होतो.

येत्या शनिवारी साडेसहाला घ्यायला येतो. टी-शर्ट आणि खेळाचे बूट चालणार नाहीत. लांब बाह्यांचा सुती सदरा आणि चामडी बूट घाल. तुझ्या काकूची जुनी हॅट तुला बसेल, ती घेऊन येतो. पाण्याच्या दोन बाटल्या ठेव. पहिले तीन स्टेज तू नेम मोजायचेस, चौथ्याला माझी रायफल घे, तीही पाचच गोळ्यांची. टायमर बंद ठेवायला मी सांगून ठेवलं आहे.

तुझा,
काका